मंडळीची सेवा आजच्या टायमाला जुळवायची तर कशाच्या आधी काय करायचं

हे चर्चचे पाळक, पास्टोरेट कमिटीतले (मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा कारभार बघणाऱ्या समितीतले) लोक, महिला संघाच्या सेक्रेटरी आणि युथवाले यांच्यासाठी लिहितोय. नागपुरात सदर घ्या, मोहननगर घ्या, मेकोसाबाग नाहीतर जरीपटका, मराठी उपासना होते अशा बऱ्याच ठिकाणी एकच प्रकार पाहायला मिळतो. वार्षिक सभेत कोणीतरी उठून म्हणतं की तरुण येत नाहीत, जमाना बदलला, आपणही काहीतरी केलं पाहिजे, मग टाळ्या पडतात, वर्गणी निघते, कॅमेरा येतो, भिंतीवर स्क्रीन लागते, ड्रमसेट येतो, आणि पुढच्या वार्षिक सभेपर्यंत कॅमेरा कपाटात गेलेला असतो, पहिल्या बाकावरचे अंकल नाराज असतात आणि जे येत नव्हते ते तसेही येत नाहीतच. पाहुणे किती ते न विचारता भात टाकल्यासारखं हे होतं.

खाली जो क्रम दिलाय तो तसाच धरा, मधलं सोडून पुढचं करू नका. रजिस्टर, भेटी, कमिटी, एकच बदल, तीन महिन्यांची ट्रायल, आणि मशीन, म्हणजे कॅमेरा वगैरे, सगळ्यात शेवटी.

१. रजिस्टर उघडा आणि खरं खरं लिहा

प्रत्येक मंडळीत सभासदांचं रजिस्टर असतं आणि बहुतेक ठिकाणी ते खोटं झालेलं असतं. खोटं म्हणजे कोणी मुद्दाम केलेलं नाही, पण त्यात वारलेल्यांची नावं असतात, लग्न होऊन रायपूरला गेलेल्या मुली असतात, पुण्या-हैदराबादला नोकरीला गेलेले असतात, आणि जो जावई दर रविवारी मागच्या बाकावर बसतो त्याचं नाव नसतं. आधी हे नीट करा. एक साधी शंभर पानी वही घ्या, दर घराला एक पान, आणि एवढंच लिहा:

घरात आत्ता प्रत्यक्ष राहतं कोण, आणि बाहेरगावी कोण. कामाची वेळ काय, म्हणजे नर्सिंगची ड्युटी, रेल्वेचा रनिंग स्टाफ (गाडीसोबत जाणारे ड्रायव्हर-गार्ड), मिहानमधल्या कंपन्यांची नाईट शिफ्ट, शाळा, दुकान. मराठी वाचता कोणाला येतं, नुसती बोलता कोणाला येते. एकटं राहणारं म्हातारं माणूस आहे का. चर्चपर्यंत यायला गाडी आहे का, की ऑटोचे पैसे मोजावे लागतात.

पगार लिहू नका, कोणाच्या घरचं भांडण लिहू नका, आणि हे सगळं एक्सेलमध्ये टाकून व्हॉट्सअ‍ॅपवर तर बिलकुल फिरवू नका. वही पाळकसाहेबांकडे आणि सेक्रेटरीकडे, बस. फोन नंबर आणि जन्मतारखा कॉम्प्युटरवर ठेवायच्याच असतील तर त्या त्या माणसाला विचारून ठेवा, आणि १८ च्या आतल्या मुलांची माहिती आई-वडिलांच्या संमतीशिवाय घेऊ नका, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तशी अटच आहे.

तपासणी: वहीतली कोणतीही दहा पानं उघडा. त्यातल्या निम्म्या घरांबद्दल कमिटीतल्या कोणालाच काही सांगता येत नसेल तर पुढचा टप्पा तुम्हाला जास्त गरजेचा आहे.

२. घरोघरी जा, पण पावती पुस्तक घरी ठेवून

सगळ्यात जास्त टाळला जातो तो हाच टप्पा. वेळखाऊ आहे, उन्हातान्हात फिरावं लागतं, आणि रिझल्ट लगेच दिसत नाही. पण याच्याशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे होतं.

जोडीने जा. एक मोठं माणूस, एक तरुण, आणि दोघांपैकी एक शक्यतो बाई असावी, नाहीतर घरातल्या बायका चहा ठेवायला आत जातात ते निघेपर्यंत बाहेर येत नाहीत. ज्या घराशी तुमचा जागेचा किंवा सोयरिकीचा वाद आहे तिथे दुसऱ्या जोडीला पाठवा. आधी फोन करा, अचानक धडकू नका, फ्लॅट स्कीममध्ये तर आता गेटवर एन्ट्री करावी लागते आणि गार्ड वर फोन लावून विचारतो तेव्हा त्या माणसाची पंचाईत होते.

पावती पुस्तक घरी ठेवा हे मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे चर्चचे लोक घरी आले म्हणजे एकतर कोणी गेलं, नाहीतर कापणीच्या सणाची वर्गणी, असं समीकरण झालंय. पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका की पैसे मागायला आलो नाही, चेहरे सैल होतात, खरंच.

विचारायचं काय? पाच-सहा प्रश्न पुरतात, आणि ते वाचून दाखवू नका, बोलता बोलता विचारा:

रविवारी सकाळी घरात काय चालू असतं? (चर्चला का येत नाही हा प्रश्न नाही, तो विचारला की माणूस सफाई द्यायला लागतो आणि गोष्ट तिथेच संपते.)

घरात वचन (बायबल) कोण वाचतं, आणि पुस्तकातून की मोबाईलवर?

रात्री तब्येत बिघडली तर मंडळीतल्या कोणाला पहिला फोन कराल? या प्रश्नावर जे गप्प बसतात त्यांच्या पानावर खूण करा.

मुलं घरी देवाबद्दल काही विचारतात का, आणि विचारलं तर उत्तर कोण देतं?

मंडळीने काय बंद केलं तर तुम्हाला वाईट वाटेल? हा म्हाताऱ्यांना जरूर विचारा, कारण नंतर विरोध कुठून येणार हे इथेच कळतं, आणि बऱ्याचदा तो विरोध नसतो, भीती असते, की आम्हाला विचारल्याशिवाय सगळं बदलून टाकतील.

भेट अर्ध्या तासाची ठेवा, लहान प्रार्थना करा, निघा. तिथे बसून उपदेश सुरू करू नका आणि वचनही देऊ नका की आम्ही हे करू, ते करू. जिन्यात लिहीत बसू नका, घरी येऊन त्याच रात्री वहीत दोन ओळी टाका. दुसऱ्या दिवशी कोण काय बोललं ते लक्षात राहत नाही.

सावधान: एप्रिल-मे मध्ये हे काढू नका. नागपूरचं ऊन ४५ च्या वर गेल्यावर संध्याकाळी सातपर्यंत कोणी दार उघडायच्या मनःस्थितीत नसतं, आणि अर्धी मंडळी गावाला गेलेली असते. पाऊस थोडा बसला की जुलैच्या शेवटापासून दिवाळीपर्यंतचा काळ बरा. डिसेंबरमध्ये तर विषयच नाही, ख्रिसमसची तयारी, कॅरल राउंड आणि वरून हिवाळी अधिवेशनाचे मोर्चे, सिव्हिल लाईन्स-सदरकडचे रस्ते कधी बंद होतील याचा भरोसा नाही.

३. कमिटीसमोर ठेवायच्या आधी दोन याद्या करा

भेटी झाल्या की जोश येतो आणि कोणीतरी थेट रविवारी अनाउन्समेंट करून टाकतं. थांबा. पाळकसाहेबांसोबत बसून दोन याद्या बनवा.

पहिली यादी, जे मंडळीच्या हातात आहे: वेळ, बसायची पद्धत, गाण्यांची निवड, वाचन कोण करतं, घरसभा कुठे, आजाऱ्यांना भेटायला कोण जातं, स्क्रीन, फोन. दुसरी यादी, जे मंडळीच्या हातात नाही: प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी), बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), उपासनेचा ठरलेला क्रम, लग्नाचे नियम. यातलं काहीही हलवायचं तर तुमच्या पंथाच्या शिस्तीप्रमाणे बिशप साहेबांना किंवा डिस्ट्रिक्ट सुपरिटेंडेंटना विचारूनच. बाहेरून आलेल्या एखाद्या व्हिडिओत कोणी काय केलं हे पाहून दुसऱ्या यादीतली गोष्ट पहिल्या यादीत ढकलायची, यातून मंडळ्या फुटल्या आहेत.

कमिटीत ठराव लेखी घ्या, आणि ठरावात तीन गोष्टी हव्यात: काय करणार, कोण बघणार, आणि कोणत्या तारखेला हे संपणार. शेवटची तारीख लिहिली की विरोध करणाऱ्यांचाही सूर बदलतो, कारण "कायमचं" नाही म्हटल्यावर बघू या म्हणतात. चर्चची चावी कोणाकडे राहील, लाईट बिल कोणत्या खात्यातून जाईल, शिपायाला जास्तीचे पैसे मिळतील का, हे बारीक वाटतं पण भांडणं यावरूनच होतात, तत्त्वज्ञानावरून नाही.

४. एकच बदल निवडा

आता वही समोर ठेवा आणि बघा की सगळ्यात जास्त घरांत कोणती अडचण निघाली. त्या एकावरच काम करा. इथे तीन अडचणी धरतो, ज्या नागपुरातल्या मंडळ्यांत नेहमी निघतात.

ड्युटीची अडचण. आपल्या मंडळ्यांमध्ये नर्सेस भरपूर, आणि हॉस्पिटलची ड्युटी रविवार बघत नाही. नेहमीची चूक अशी की शनिवारी संध्याकाळी एक "युथ सर्व्हिस" ठेवली जाते आणि म्हणतात आता काय प्रॉब्लेम. पण वीकली ऑफ फिरता असतो, शनिवारचा उपयोग काय? जरा चार्ट बघा. साधारण सकाळची ड्युटी दुपारी दोनपर्यंत, दुपारची रात्री आठ-नऊपर्यंत, आणि नाईट संध्याकाळी सात-आठनंतर सुरू. म्हणजे रविवारी सकाळची उपासना दुपारच्या ड्युटीवाल्यांना जमते, आणि संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा अशी छोटी उपासना ठेवली तर सकाळवाले जेवून आराम करून येऊ शकतात आणि नाईटवाले तिथूनच ड्युटीवर जाऊ शकतात. दोनच वेळा, तिन्ही शिफ्ट बसल्या. पण ती पाऊण तासातच संपली पाहिजे, संदेश पंधरा मिनिटांच्या वर गेला की नाईटवाली सिस्टर घड्याळ बघते आणि पुढच्या वेळी येत नाही. संदेश तोच द्या जो सकाळी दिला, पाळकसाहेबांना दुसरी तयारी करायला लावू नका.

रेल्वेच्या रनिंग स्टाफला मात्र कोणतीच ठरलेली वेळ जमत नाही, त्यांच्यासाठी संदेशाचा सार पाच मिनिटांच्या ऑडिओत पाठवा. दीड तासाच्या व्हिडिओची लिंक रनिंग रूममध्ये (त्यांच्या मुक्कामाच्या खोलीत) कोणी उघडत नाही.

भाषेची अडचण. पोरं इंग्लिश मीडियमला, आपसात हिंदी, आजीशी मराठी. त्यांना मराठी समजते, देवनागरी वाचता पण येते, पण पवित्र शास्त्राची जुनी मराठी आणि ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातली गीतं डोक्यावरून जातात. इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक, सगळं तसंच ठेवायचं आणि पोरांना दोष द्यायचा. दुसरी, उपासनाच हिंदी-इंग्लिश करून टाकायची, मग आजी-आजोबा स्वतःच्याच चर्चमध्ये पाहुणे.

माझं मत विचाराल तर मराठी सोडू नका, मराठीत शिरायला पायऱ्या करा. वाचन जुन्याच भाषांतरातून होऊ द्या पण त्याआधी दोन वाक्यांत सांगा की आता काय ऐकणार आहोत, कोण कोणाला बोलतंय. वाचणाऱ्या पोराला उतारा गुरुवारीच द्या आणि कोणीतरी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, रविवारी स्टँडवर उभं करून अडखळायला लावाल तर तो पोरगा परत वाचायला उभा राहणार नाही. स्क्रीनवर गीत दाखवत असाल तर देवनागरीच दाखवा, फक्त अक्षर मोठं आणि एका वेळी चारच ओळी. नवीन गाणं एका रविवारी एकच, आणि महिनाभर तेच. दर रविवारी तीन नवीन कोरस आणले की फक्त बँडवाले गातात, बाकी मंडळी उभी राहून बघते.

फ्लॅटची अडचण. पूर्वी कॉटेज मीटिंग (घरी भरणारी प्रार्थनासभा, तीच घरसभा) म्हणजे अंगणात सतरंजी टाकली की झालं. आता मंडळी बेसा, मनीषनगर, वाडी, कोराडी रोड अशी पसरली, आणि फ्लॅट स्कीममध्ये शेजारी वेगवेगळ्या धर्माचे, त्यात आजकाल घरातल्या प्रार्थनेकडे संशयाने बघणारेही असतात. घरसभा बंद करायची गरज नाही, पण नियम पाळा:

सोसायटीच्या सेक्रेटरीला घरमालकाने आधीच सांगावं, तारीख आणि वेळ देऊन. वीस माणसांच्या वर बोलावू नका. एक तासात संपवा. माइक नाही, स्पीकर नाही, ढोलकी हळू. रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर तसाही बंद असतो, पण बंद फ्लॅटमध्ये नऊ वाजताचा टाळ्यांचा आवाज सुद्धा खालच्या मजल्यावरच्या अभ्यास करणाऱ्या पोराला होतो. चपला जिन्यात पसरवू नका, दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावू नका. शेजारची मुलं खेळत खेळत आत आली तर त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय बसवून घेऊ नका आणि फोटोत तर घेऊच नका.

आणि नाश्ता. राजेहो, घरसभा मारून टाकणारी गोष्ट कोणती असेल तर नाश्ता. पहिल्या घरी चहा-बिस्किट, दुसऱ्या घरी तर्री पोहे, तिसऱ्या घरी समोसा आणि गुलाबजाम, आणि चौथ्या घरची ताई म्हणते आमच्याकडे नको, जागा लहान आहे. जागा लहान नसते. कमिटीने आधीच जाहीर करावं की सगळीकडे फक्त चहा, आणि पाळकांनी स्वतः तो नियम मोडणाऱ्या घरी सुद्धा चहाच घ्यावा.

तपासणी: निवडलेला बदल एका वाक्यात लिहा, कोणासाठी आहे ते धरून. "संध्याकाळची उपासना, शिफ्टवाल्यांसाठी" असं लिहिता आलं तर पुढे जा. "तरुणांना आकर्षित करण्यासाठी" असं लिहिलं असेल तर परत वही उघडा.

५. तीन महिने ट्रायल

पहिल्या ट्रायलमध्ये रविवारच्या मुख्य उपासनेला हात लावू नका. नवीन ते बाजूला सुरू करा. ट्रायलमध्ये मोठा सण नको, म्हणजे दुःखसप्ताह (ईस्टरच्या आधीचा आठवडा) किंवा नाताळ मध्ये आला की उपस्थिती आपोआप वाढते आणि तुम्हाला वाटतं आपलं जमलं. दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीकडे गर्दी असते, त्या बाजूच्या घरसभा तेव्हा ठेवू नका. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर परतीची बस आणि मेट्रो बघून वेळ ठरवा, एकट्या मुली आणि म्हातारे याच कारणाने गळतात आणि सांगत नाहीत.

जबाबदारी दोघांवर द्या, एकावर नको. त्यातला एक तरी चाळिशीच्या आतला असू द्या, आणि त्याला खरंच ठरवू द्या, नुसतं खुर्च्या लावायला ठेवू नका.

मुलांचं काही सुरू करत असाल, संडे स्कूल असो की सुट्टीतली बायबल शाळा, तर ट्रायलच्या आधी हे पक्कं करा: वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, कोणीही एकट्या मुलाला गाडीवर सोडायला जाणार नाही, शिकवणारा मुलांशी खाजगी चॅट करणार नाही. आणि काही चुकीचं घडल्याचं कळलं तर ते कमिटीत मिटवायचा विषयच नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा धरला जातो. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, तो वर्गाच्या भिंतीवर लावा. मंडळीचं नाव खराब होईल वगैरे बोलणाऱ्याला त्या चर्चेतून बाहेर ठेवा.

६. प्रार्थनेच्या विनंत्या आणि व्हॉट्सअ‍ॅप

ग्रुप सगळ्यांचेच आहेत, चुका पण सारख्याच. एखाद्या आंटीची गर्भपिशवी काढायची आहे, तर नाव, हॉस्पिटल, वॉर्ड, सगळं ग्रुपवर येतं, आणि पुण्यातल्या मुलाला आईच्या ऑपरेशनची बातमी तिथून कळते. त्याखाली सत्तर हात जोडलेले इमोजी. प्रेमानेच केलेलं असतं सगळं, पण त्या बाईला विचारलं होतं का?

दोन ग्रुप करा. एक सूचनांचा, त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितील. दुसरा प्रार्थनेचा, लहान, ज्यांना खरंच रोज प्रार्थना करायची आहे त्यांचाच, आणि तिथेही माणसाची परवानगी असल्याशिवाय नाव नाही, आजाराचं नाव तर नाहीच. "आपल्या एका बहिणीचं उद्या ऑपरेशन आहे" एवढं पुरतं. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर लक्षात ठेवा की तुमचा नंबर ज्याने सेव्ह केला नाही त्याला मेसेज जातच नाही, आणि म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये बहुतेक तो सेव्ह नसतो.

काही गोष्टी प्रार्थनेसोबत दुसऱ्या मदतीच्याही असतात. कोणी जगायला नको म्हणत असेल, झोप उडाली असेल, तर प्रार्थना करा आणि सोबत टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ लावून द्या, चोवीस तास चालू असतो, किंवा डॉक्टरकडे घेऊन जा. विश्वास कमी पडला असं त्या माणसाला सांगू नका. वेगळ्या धर्मातल्या जोडीदाराशी लग्नाची विचारणा आली तर चिडायच्या आधी नीट बसून ऐका: १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लागू होऊ शकतो, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस लागते, आणि तुमच्या पंथाचे नियम त्याहून वेगळे असू शकतात. हे हॉल बुक व्हायच्या आधी सांगावं लागतं. बुक झाल्यावर सांगितलं की पाळक व्हिलन.

७. आता कॅमेरा

लाइव्ह कोणासाठी, हे वहीतून काढा. घरी पडून असलेले, आणि बाहेरगावचे. बाकी जे चालून येऊ शकतात त्यांच्यासाठी लाइव्ह केलं तर ते गादीवरून बघतील, मग तक्रार करू नका.

क्रम असा. आधी आवाज, मग नेट, मग चित्र. लोक उलट करतात, महागडा कॅमेरा घेतात आणि आवाज मोबाईलच्या माइकवरून, त्यात फॅनची घरघर आणि मागच्या बाकावरचा खोकलाच ऐकू येतो. चर्चच्या मिक्सरमधून वायरने आवाज फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये घ्या, मध्ये योग्य इंटरफेस (आवाज जुळवून देणारं छोटं यंत्र) लावून, नाहीतर आवाज फाटतो. नेटचा स्पीड रविवारी उपासनेच्या वेळेलाच तपासा, आणि डाउनलोड नाही, अपलोड बघा, ७२० पिक्सेलसाठी ५ एमबीपीएसच्या वर असू द्या. चांगला फोन आणि हलणार नाही असा स्टँड, सुरुवातीला एवढं बस आहे.

यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तास लागू शकतात, आणि मोबाईलवरून करायचं तर चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. हे शनिवारी रात्री कळून उपयोग नाही. झूमची फुकटची मीटिंग ४० मिनिटांत तुटते, प्रार्थना चालू असताना तुटली की फार वाईट वाटतं.

काय दाखवायचं नाही ते आधी ठरवा. कॅमेऱ्याचं तोंड वेदीकडे, मंडळीकडे नाही. मुलांचे चेहरे आई-वडिलांनी लेखी हो म्हटल्याशिवाय नाही. नावानिशी प्रार्थना विनंत्या आणि साक्षी (लोक उभं राहून स्वतःचे अनुभव सांगतात त्या) लाइव्ह बंद करून. प्रभुभोजनाच्या वेळी काय करायचं ते पाळकसाहेब सांगतील तसं. अंत्यविधी फक्त घरच्यांनी मागितला तर, आणि तो पण पब्लिक नाही, लिंक असलेल्यांनाच दिसेल असा.

गाण्यांचं: उपासनेत कोणतंही गीत गायला अडचण नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खऱ्या धार्मिक विधीतल्या गायन-वादनाला सूट आहे, पण ती सूट म्हणजे यूट्यूबवर टाकायची मोकळीक असं समजू नका. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, त्यांच्या रचना गायला आणि टाकायला आता कोणाला विचारावं लागत नाही, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पण त्याच भजनाचा कोणीतरी गेल्या वर्षी बनवलेला कराओके ट्रॅक वाजवला तर त्या ट्रॅकवर क्लेम येऊ शकतो. त्यामुळे पेटी-तबला-गिटार आपलंच वाजवा.

सावधान, हे खरंच महत्त्वाचं: स्क्रीनवर अर्पणाचा क्यूआर टाकताना तो मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या खात्याचाच हवा, पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या पर्सनल नंबरचा नको, कितीही घाई असली तरी. आणि लाइव्ह बाहेरच्या देशातून पण बघतात. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही, पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचे पैसे २०१० च्या एफसीआरएखाली (विदेशी देणगीच्या कायद्याखाली) येतात, मग तो आपल्याच मंडळीत बाप्तिस्मा झालेला का असेना. तुमच्याकडे ते रजिस्ट्रेशन नसेल तर असे पैसे घेऊ नका, आणि क्यूआरच्या खाली तशी एक ओळ टाका. आले असतील तर ऑडिटरला त्याच आठवड्यात सांगा.

लाइव्ह सुरू झाल्यावर घरी पडून असलेल्यांकडे जाणं बंद होतं, हे हमखास होतं. "ते बघतात ना ऑनलाइन." म्हणून लाइव्हच्या ठरावातच लिहून टाका की त्या घरांना महिन्यातून एक भेट चालूच राहील, आणि आजाऱ्याला प्रभुभोजन घरी द्यायची जी रीत तुमच्याकडे आहे ती पण.

८. तीन महिन्यांनी काय मोजायचं

व्ह्यू मोजू नका. दोन मिनिटं बघून बंद केलेलाही त्यात येतो. वही काढा आणि नावं बघा. ज्या घरांसाठी हे सुरू केलं त्यातली किती आली? रात्री कोणाला फोन करणार या प्रश्नावर जे गप्प बसले होते त्यांना परत विचारा. ज्यांना बदल नको होता ते अजून येतात का, की शांतपणे यायचं बंद केलं? आणि हे काम बघणारे दोघं दमले का, हे सुद्धा विचारा, नवरा-बायकोत यावरून कुरबुर सुरू झाली असेल तर तेही मोजण्यातच धरा.

मग तीनपैकी एक: चालू ठेवा, बदलून अजून तीन महिने द्या, नाहीतर बंद करा. बंद करायचं ठरलं तर रविवारी स्पष्ट जाहीर करा, की हे करून पाहिलं, या कारणाने थांबवतोय, ज्यांनी मेहनत घेतली त्यांची नावं घेऊन आभार. न सांगता बंद पडू दिलं तर पुढच्या वेळी कोणी पुढे येत नाही, आणि त्या संध्याकाळी बंद दारासमोर ड्युटीवरून थेट आलेली एक सिस्टर उभी असते.

चालू ठेवायचं ठरलं तर त्याच आठवड्यात चॅनलचा पासवर्ड, चर्चची चावी आणि वही या तिन्ही गोष्टी दुसऱ्या एका माणसालाही माहीत करून द्या, आणि वहीवर पुढच्या भेटींचा महिना लिहून ठेवा.